देशाचा गौरवग्रंथ

एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाची साठी किंवा पंच्याहत्तरी आली की त्याच्या नावाने गौरवग्रंथ निघतो. त्यात काय असणार, हे उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. आठवणी असतात, कौतुक असते, मधल्या पानांवर छायाचित्रे असतात. आणि ज्याविषयी बोलू नये असे सर्वांना वाटते, त्याविषयी एकही लेख नसतो. मराठीच्या अभ्यासकांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. आपल्यापैकी अनेकांनी अशा ग्रंथांत लिहिलेही आहे. एखाद्या देशाचा निसर्ग, तिथल्या वास्तू, सण आणि पोशाख यांचे भल्यामोठ्या आकाराचे, गुळगुळीत कागदावर छापलेले छायाचित्रग्रंथ मला नेहमी याच जातीचे वाटत आले आहेत. फरक इतकाच, की इथे गौरवमूर्ती हा देश असतो आणि त्याला समारंभाच्या शेवटी उत्तराचे भाषण करावे लागत नाही.

इंग्रजीत या ग्रंथांना कॉफीच्या टेबलाचे नाव आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तसले टेबल नव्हते. असे पुस्तक भेट म्हणून आलेच, तर ते शोकेसमध्ये, काचेआड, चांदीच्या गणपतीच्या शेजारी उभे राहिले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते संदर्भ विभागात असते, घरी नेता येत नाही. म्हणजे ज्यांच्या देशाचा तो गौरव, त्यांनी तो हात धुऊन, टेबलाशी बसून, थोड्या वेळापुरता पाहावा, अशी एकूण व्यवस्था. साहित्याच्या अभ्यासकांनी या ग्रंथांकडे सहसा लक्ष दिलेले नाही. त्यांना वाङ्मय म्हणता येत नाही आणि कलासमीक्षक त्यांना पुरेशी कला मानत नाहीत. तरीही देश म्हणजे काय, याची जी प्रतिमा आपल्या मनात असते, ती घडवण्यात कादंबऱ्यांइतकाच या पुस्तकांचा हात आहे असे मला वाटते.

या प्रकाराचा भारतातला आरंभ गौरवापासून झाला, असेही सरळ म्हणता येत नाही. 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ 1868 ते 1875 या काळात प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी तो संपादित केला. त्याचे मूळ मात्र लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांच्या खासगी हौसेत होते: मायदेशी परतताना इथल्या लोकांच्या छायाचित्रांचा एक संग्रह आठवण म्हणून न्यावा, एवढाच हेतू. 1857 च्या उठावानंतर या हौसेचे सरकारी प्रकल्पात रूपांतर झाले. चारशेहून अधिक छायाचित्रे जमली आणि प्रत्येकाला मजकुराची जोड मिळाली. कोणती जमात कशी दिसते, याबरोबरच ती कितपत भरवशाची, हेही त्या मजकुरात सांगितलेले असे. आठवणींचा संग्रह आणि पोलिसी नोंदवही यांच्यातले अंतर किती थोडे असू शकते, हे या ग्रंथाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

मुंबईच्या वाट्याला त्याच सुमारास विल्यम जॉन्सन याचे दोन खंड आले. 1863 आणि 1866 साली निघालेल्या या पुस्तकात मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या विविध समाजांची छायाचित्रे आहेत. त्यातली गंमत अशी, की माणसे वेगळीकडे टिपलेली आणि त्यांच्या मागची दृश्ये वेगळीकडची; दोन्ही कापून, जुळवून एक चित्र केलेले. आज संगणकावर सहज होते, ते तेव्हा कात्रीने आणि डिंकाने झाले. मला या जुळवाजुळवीत पुढच्या सगळ्या चित्रग्रंथांचे व्याकरण दिसते. मागे स्थळ, पुढे माणूस. आणि तो माणूस तिथला आहे असे भासवायचे, पण तो तिथे काय करतो आहे हे सांगायचे नाही.

हे व्याकरण ज्याने बदलले असे मला वाटते, तो छायाचित्रकार म्हणजे रघुबीर सिंग. 1942 साली जयपूरला जन्म, 1999 साली न्यूयॉर्कला मृत्यू. हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशी त्यांची वस्ती, आणि कॅमेरा मात्र जन्मभर भारताकडे वळलेला. गंगा, कलकत्ता, राजस्थान, काश्मीर, केरळ, बनारस, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड, तमिळनाडू अशी एकेक प्रदेशावरची पुस्तके त्यांनी केली. बाहेरून पाहिले तर हे सारे गौरवग्रंथच. 'राजस्थान' या 1981 च्या पुस्तकाच्या नावात हा देश मंत्रमुग्ध करणारा आहे असे सुचवलेले, आणि प्रस्तावना सत्यजित राय यांची. 1994 च्या मुंबईवरच्या पुस्तकात नायपॉल यांच्याशी झालेला संवाद. म्हणजे मानपत्राला मान्यवरांच्या सह्याही आहेत. शिवाय हा माणूस स्वतः अशाच एका पुस्तकातून घडलेला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस निघालेले, जयपूरच्या सौंदर्यावरचे कार्तिए-ब्रेसाँ याच्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांनी शाळकरी वयात घरच्या संग्रहात पाहिले होते. पुढे 1966 साली जयपुरातच त्यांची त्या छायाचित्रकाराशी भेटही झाली. चित्रग्रंथाला वाचक नसतात, फक्त चाळणारे असतात, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

त्यांच्या चित्रांत मागचे आणि पुढचे अशी सोयीची विभागणी उरत नाही. आरसे, दुकानांच्या काचा, मोटारीच्या खिडक्या यांतून एकाच चौकटीत चार-पाच जगे एकमेकांत घुसतात. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'अ वे इनटू इंडिया' या पुस्तकात तर अॅम्बॅसेडर गाडी हीच देशाकडे पाहण्याची चौकट झाली आहे. 1967 साली मुंगेरला टिपलेले, पावसात चिंब भिजून एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या स्त्रियांचे त्यांचे छायाचित्र पाहावे. त्यात पावसाळ्याचे कौतुक आहे की पावसाचा मार आहे, हे ठरवता येत नाही. आणि ठरवता येत नाही म्हणूनच ते पुन्हा पाहावे लागते.

रंग हा त्यांच्या भूमिकेचा गाभा. ज्या काळात गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असे मानले जाई, त्या काळात त्यांनी रंगाचा आग्रह धरला. पाश्चात्त्यांच्या कृष्णधवल दृष्टीमागे अपराधभाव आणि एकाकीपणा आहे, भारतीय माणूस जग रंगातच पाहतो, असे त्यांचे सांगणे होते. हा युक्तिवाद मला आकर्षक वाटतो, पण पूर्ण पटत नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे एका भारतीयाचीच आहेत, आणि त्यांतल्या दुःखाला उसनी दृष्टी म्हणणे अवघड आहे. शिवाय रघुबीर सिंग यांचा हा भारतीय रंग कोडॅक्रोम फिल्ममधून आला होता. 2009 मध्ये कंपनीने ती बनवणे थांबवले. देशाचा म्हणून जो रंग आपण ओळखतो, तो अंशतः एका परदेशी रसायनाचा असतो. यामुळे त्यांची चित्रे खोटी ठरत नाहीत. पण 'आपली दृष्टी' असे म्हणताना जरा सावध राहावे, एवढे निश्चित कळते.

मराठीत अलीकडच्या काळात या प्रकाराला मोठा वाचक मिळाला तो उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' (2010) आणि 'पहावा विठ्ठल' (2011) या हवाई छायाचित्रांच्या पुस्तकांमुळे. किल्ले आणि वारी आकाशातून पाहण्याची सवय आपल्याला तोवर नव्हती. उंचावरून पाहिले की किल्ल्याचा आकार प्रथमच कळतो. ती त्या दृष्टीची कमाई आहे. पण वारीचे काय होते? माणसांची नदी होते. नदी सुंदर दिसते. नदीत माणूस दिसत नाही.

माझी आत्या तेवीस वर्षे वारीला गेली. तिची दिंडी रथामागची. काही वर्षांपूर्वी माझा भाऊ परदेशातून सहकुटुंब आला होता. त्याच्या तिकडच्या बैठकीत देशाची आठवण म्हणून अशी तीन-चार पुस्तके असतात, आणि त्याच्या मुलीने भारत मुख्यतः त्यांतूनच पाहिलेला. तिचे मराठी तोडके. दुपारी माझ्याकडचे एक पुस्तक घेऊन ती आत्याजवळ बसली आणि वारीचे उंचावरून टिपलेले एक पान उघडून म्हणाली, "आजी, किती ब्यूटिफुल!" आत्याने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "अगं, ब्यूटिफुल काय, हा चढ आहे. इथे पाय बोलतात." आणि तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. या पताका. पताका संपल्या की टाळकरी. मग विणेकरी. त्यांच्या मागे डोईवर तुळस घेतलेल्या बाया. "म्हणजे आम्ही इथे असतो." पान कोणत्या वर्षीचे, ती दिंडी तिची होती की नाही, याच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते. तिला क्रम ठाऊक होता, आणि क्रम ठाऊक असल्यामुळे ठिपक्यांच्या त्या गर्दीत तिला तिची जागा सापडली.

भाऊ पुस्तक घेऊन परत गेला. त्या पानाच्या समासात मुलीने पेन्सिलने एक बाण काढला आहे आणि पुढे वेड्यावाकड्या देवनागरीत 'आजी' असे लिहिले आहे. आत्या आता नाही. त्या घरात आता ते पान आधी उघडले जाते, असे भाऊ सांगतो.

या प्रसंगाने माझ्या पुरता एक प्रश्न सुटला. या पुस्तकांत दारिद्र्य दाखवत नाहीत, घाण दाखवत नाहीत, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे, पण अपुरा आहे. दारिद्र्याचीही गुळगुळीत कागदावर सुंदर चित्रे निघतात. खरी उणीव आहे ती ओळीची: चित्राखालच्या शब्दांची. 'वारकरी, महाराष्ट्र' किंवा 'स्त्रिया, राजस्थान' एवढ्यावर ती ओळ थांबते, आणि माणूस पुन्हा जॉन्सनच्या कात्रीखाली येतो. 'द पीपल ऑफ इंडिया'मध्ये शब्द भरपूर होते, पण ते चित्रातल्या माणसाला विचारून लिहिलेले नव्हते. अलीकडच्या ग्रंथांत शब्दच उरलेले नाहीत. आत्याने जे केले, ते या दोहोंहून निराळे होते. तिने चित्राला आतून ओळ दिली.

आपल्या भाषेत याचा एक जुना नमुना आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत एकही चित्र नाही. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणते स्थान कशाच्या कोणत्या अंगाला आहे, आणि चक्रधरस्वामी तिथे काय करून गेले, याची कोरडी नोंद तेवढी आहे. तिथे सौंदर्याचे वर्णन शोधणाऱ्याची निराशा होईल. पण ज्यांनी ती लिहिली, त्यांना देश दाखवायचा नव्हता, सांभाळायचा होता. कोण कुठे बसले होते हे विसरू नये, एवढीच त्यांची चिंता.

गेली काही वर्षे मी प्रवासवर्णनाच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर असा एखादा चित्रग्रंथ ठेवते आणि छापील ओळ झाकून नवी ओळ लिहायला सांगते. पहिल्या खेपेला बहुतेक जण विशेषणे लिहितात. दुसऱ्या खेपेला एखादी मुलगी विचारते, "मॅडम, या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात पाणी आहे की तो रिकामा आहे?" उत्तर पुस्तकात नसते. पण भरलेल्या हंड्याखाली मान कशी राहते, हे तिला घरून ठाऊक असते. मग ती चित्राकडे पुन्हा पाहते, आणि वर्ग पहिल्यांदाच गप्प होतो.