पंखाखालची चकती

एलेरॉनचा सर्व्हो बसवताना मी आधी पंखाला हातच लावत नाही. सर्व्हो रिसीव्हरला जोडायचा, ट्रान्समीटरवरचे ट्रिम आणि सब-ट्रिम शून्यावर आणायचे आणि सर्व्हो मध्यावर स्थिरावला की मगच त्याच्या दातेरी शाफ्टवर आर्म चढवायचा. आर्म पुशरॉडशी काटकोनात यावा, हा नेम. तो पहिल्या झटक्यात येत नाही, चार-पाच अंश इकडेतिकडे राहतोच. शाफ्टला २५ दाते असतील तर एका दात्यामागे आर्म १४.४ अंश सरकतो, म्हणून दाता बदलून काही साधत नाही. पण अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा आर्म घ्यावा. २५ला ४ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक हात पाव दात्याने, म्हणजे ३.६ अंशांनी, वेगळा बसतो. चारही फिरवून बघायचे, काटकोनाच्या सर्वांत जवळचा ठेवायचा, बाकीचे तीन कापायचे. उरलेला अंशभर फरक तेवढा सब-ट्रिमकडे. जे हाताने नीट करता येतं ते रिमोटमधल्या आकड्यांवर ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं.

टायगर मॉथ बांधायला घेईपर्यंत या काटकोनावर माझी पूर्ण श्रद्धा होती.

द हॅविलंडचं हे दुपंखी विमान १९३१ साली लंडनजवळच्या स्टॅग लेनवर पहिल्यांदा उडालं. पुढे आपल्या हवाई दलातही त्यावर वैमानिक शिकले. पंख वर-खाली मिळून चार, पण एलेरॉन फक्त खालच्या दोघांना. माझं मॉडेल पाचास एक मापाचं, पंखांचा विस्तार ७० इंच. एलेरॉन नेहमीप्रमाणे काटकोनात लावले आणि पहिल्याच उड्डाणात डाव्या वळणासाठी स्टिक दिली, तर विमान डावीकडे कललं, नाक मात्र उजवीकडे गेलं. कारण ओळखीचं होतं. बाहेरच्या पंखाचं एलेरॉन खाली जातं, तिथे उचल वाढते, पण उचलीबरोबर हवेची ओढही वाढते आणि ती ओढ नाकाला उलट दिशेला खेचते. दांड्या, तारा आणि दोन मजली पंख घेऊन सावकाश उडणाऱ्या विमानात हे फार जाणवतं. उपाय म्हणजे एलेरॉन वर जास्त जावं आणि खाली कमी. ट्रान्समीटरमध्ये डिफरन्शियलचा आकडा टाकला, तर नाक बरंच शांत झालं. पण खालच्या बाजूला सर्व्हो अर्ध्यावरच थांबत होता, आणि चालू शकणारा सर्व्हो असा अडवून ठेवणं मला रुचेना.

मग मूळ विमानाचा, पंखाखाली आडवं होऊन काढलेला एक फोटो बघण्यात आला. खालच्या पंखाच्या पोटाशी, कापडाच्या पातळीत, एक धातूची गोल चकती. कॉकपिटमधून आलेल्या तारा आणि साखळी तिला फिरवतात. पुशरॉड तिच्यावर जिथे जोडलाय ती जागा मध्यापासून टोकाच्या बाजूला, पण ४५ अंश पुढे, पंखाच्या पुढच्या कडेकडे झुकलेली. काटकोन नाहीच! मी कितीतरी वेळ तो फोटो बघत बसलो. ती चकती म्हणजे सर्व्होचा आर्मच होता, आणि माझा सर्व्हो नेमका तिच्याच जागी बसलेला होता.

हिशेब कागदावर मांडला. शाफ्टच्या मध्यापासून १० मिमीवर भोक. चकती मागे ४५ अंश फिरली की पुशरॉड जवळपास ७ मिमी मागे जातो, एलेरॉन वर. तेवढीच पुढे फिरली तर पुशरॉड जेमतेम ३ मिमी सरकतो. सर्व्हो दोन्हीकडे पूर्ण फिरतो आणि एलेरॉन मात्र वर दुपटीहून जास्त जातं.

सर्व्होच्या पुडीत एक गोल चकती नेहमी येते आणि ती नेहमी खणात पडून राहते. ती काढली. तिच्यात दात्यांची अडचणच उरत नाही, कारण आधी चकती घट्ट बसवायची, मग ४५ अंशांची खूण करून तिथेच भोक पाडायचं. एक गोष्ट मात्र जपावी लागते. चकती पूर्ण पुढे फिरली की पुशरॉड थेट मधल्या स्क्रूवरून जातो. म्हणून बॉल-लिंक आणि त्याखाली छोटा स्पेसर, म्हणजे रॉड स्क्रूच्या डोक्याला घासत नाही. आणि सर्व्होची हद्द ४५ अंशांवरच बांधायची. त्यापुढे गेला तर खाली गेलेलं एलेरॉन परत वर यायला लागतं.

रडर आपोआप मिसळून देणारं मिक्स मी लावलेलं नाही. मूळ विमानातही वैमानिकाचे पाय रिकामे नसत.

उजवा पंख काल झाला. डाव्याचं सगळं आरशातल्यासारखं उलट, त्यामुळे खूण करताना मी उजवा पंख शेजारी उलटा ठेवतो आणि दोन्ही चकत्यांची भोकं विमानाच्या नाकाकडेच झुकलीत ना, हे तीनदा बघतो. स्टिक उजवीकडे दिली की उजवं एलेरॉन वर. अंगठा स्टिकवर उभा धरला तर तो वर गेलेल्या एलेरॉनकडे झुकतो. ड्रिलला दीड मिमीची बिट लावली आहे.