चौथी ओळ

बार्शी

चि. सोनूस,


तुझं पाकीट परवा मिळालं. आत सहा कविता आणि एक चिठ्ठी : ‘मामा, खरं खरं सांग. आणि कविता लिहायला सुरुवात कुठून करायची, तेही सांग.’ खरं सांगितलेलं फारसं कुणाला मानवत नाही. पण मागितलंस, तर घे.

सहा कवितांत ‘मन’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, रागावू नकोस. आठवणींचा पाऊस तीनदा पडलाय आणि तिन्ही वेळा ‘मनाच्या अंगणात’. अगं, तू वाढलीस कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. तुला अंगण ठाऊक आहे ते आपल्या या घराचं. तिथं पाऊस आला की तू आजीबरोबर पन्हळीखाली बादली लावायला धावायचीस. पहिलं पाणी ती सांडून टाकायला लावायची, कौलांवरची धूळ असते म्हणून. ती पन्हळ, ती बादली, ते गढूळ पाणी कवितेत कुठंच नाही.

यात तुझं काही चुकलं असं नाही. आपण आधी वाचलेलंच लिहीत असतो. मी बावीस वर्षांचा असताना एका दिवाळी अंकाला समुद्रावरची कविता पाठवली होती. लाटा, गाज, क्षितिज, गलबत, सगळा जामानिमा. पंधरा दिवसांत ‘साभार परत’. खाली संपादकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘समुद्र पाहिला आहे का?’ पाहिला नव्हता. बार्शीत राहणाऱ्या माणसानं तो कुठं पाहायचा? आठवडाभर त्या माणसाला शिव्या घातल्या. नंतर अंगणातल्या रांजणावर चार ओळी लिहिल्या. त्या काही थोर नव्हत्या, पण त्यातला रांजण तरी माझा होता.

आता तुझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात फोनवर तू सांगत होतीस, आजीचा डबा उघडला तर आत सुपारी, चुन्याची डबी आणि एसटीचं जुनं तिकीट निघालं, कंडक्टरनं भोक पाडलेलं. एवढं सांगून तू गप्प झालीस. मीही गप्प. सोनू, तुझी कविता तिथं होती. ती सोडून तू मनाच्या अंगणात कशाला गेलीस?

काल रात्री मी तेच घेऊन बसलो. बोटं मोजत, आठ-आठ अक्षरांत :

आजीचा पितळी डबा
त्यात सुपारी नि चुना
भोक पाडलं तिकीट
त्याचा कागदही जुना

मोजून बघ. जोडाक्षर एकच धरायचं. आणि बोलताना आपण ‘तिकीट’ दोन झटक्यांत उरकतो, पण इथं ती तीन अक्षरं भरतात. याला अष्टाक्षरी म्हणतात. नवशिक्याला याहून मऊ वाट मला माहीत नाही, कारण लघु-गुरूची भानगड नाही, फक्त अक्षरं मोजायची आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक जुळवायचं.

पण चौथी ओळ बघ. फसली आहे. जुन्या तिकिटाचा कागद जुना असणारच, त्यात सांगितलं काय? ‘चुना’ लिहिलं आणि ‘जुना’ आपोआप मागं येऊन उभा राहिला. यमक असं फसवतं. मुकाट्यानं येतं, त्यामुळं आपणच सुचवलं असं वाटतं. पहिलं सुचलेलं यमक नेहमी संशयानं बघावं. तिसऱ्या ओळीतलं ‘भोक’ मात्र मी कुणी सांगितलं तरी काढणार नाही.

तू म्हणशील, आजकाल सगळे मुक्तछंदात लिहितात, मग हे बोटं मोजणं कशाला? मुक्तछंद लिही ना. पण त्याआधी दोन-चार महिने मोजून लिही. मोजायला बसलं की शब्द बदलावा लागतो, आणि बदलताना कळतं की पहिला शब्द आळसानं आला होता. तुझ्या ‘मना’चं तसंच झालंय. अभंगाची बांधणीही करून बघ : सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. तो चार अक्षरांचा शेवटचा चरण लिहिताना घाम फुटतो. तेवढ्यात म्हणणं पुरं करायचं असतं.

आणि लय तुझ्या कानात आहेच. आजीनं तुझ्याकडून मनाचे श्लोक पाठ करून घेतले होते, खारीक देऊन. तो भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असं चारदा, बारा अक्षरांची ओळ. नाव माहीत नसताना तू सहा वर्षांची असल्यापासून ते वृत्त म्हणते आहेस. पुढं ओढ लागली तर माधव जूलियनांचं ‘छंदोरचना’ चाळ. गझलेकडे वळलीस तर सुरेश भटांनी नवोदितांसाठी लिहिलेली ‘गझलेची बाराखडी’ आहे. पण आत्ताच नको. व्याकरण घोकून कुणी बोलायला शिकत नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात नि घरात काम करताना त्या म्हणायच्या, घरातलं कुणीतरी टिपून घ्यायचं. त्या 1951 साली गेल्या. मग त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ते बाड अत्र्यांना दाखवलं आणि 1952 साली पुस्तक निघालं. मला त्यात चमत्कार वाटत नाही, सवय वाटते. जात्यावर बसलेल्या बायका तेच करत आल्या : हात कामात आणि तोंडात ओवी. तेव्हा तू लिहायच्या आधी मोठ्यानं म्हण. कुकर लावताना म्हण, बसमध्ये मनातल्या मनात म्हण. जीभ अडखळते तिथं ओळ अडलेली असते.

शब्दांची लाज बाळगू नकोस. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले आणि 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं, त्यात तिथलीच भाषा आली. तुझ्या भाषेत रिचार्ज आहे, सिग्नल आहे, सोसायटीचा वॉचमन आहे. ‘नभ’ नि ‘सांज’ तुझ्या तोंडी मी कधी ऐकलेलं नाही, मग कागदावर कुठून येतात?

एक वही कर, साधी. तिच्यात दुसऱ्यांच्या कविता हातानं उतरवून काढ. डोळे ओळीवरून घसरतात, हात घसरत नाही. इंदिरा संत घे, विंदा घे, मर्ढेकर घे. कळलं नाही तरी उतरव. स्वतःची कविता मात्र आठ दिवस कुणाला दाखवू नकोस, मैत्रिणींच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. ‘वाह’ लगेच येते आणि मग ओळ दुरुस्त करायचा हात उठत नाही.

तुझ्या सहाही कविता परत पाठवतोय, साभार. पाचवीतली रिकाम्या झोपाळ्याची ओळ खरी आहे, ती ठेव.

डब्याच्या कवितेची चौथी ओळ तू लिही, आठ अक्षरांत. ‘चुना’ अडवत असेल तर दुसरीही बदल. त्या तिकिटावर भाड्याचा आकडा अजून दिसतो का, तेवढं बघून कळव. आणि ते तुझ्या आईच्या हाती लागू देऊ नकोस. तिला आवराआवरीचा फार सोस आहे.

तुझा,
मामा