गाडीचा हिशेब घराच्या मीटरपाशी

पेट्रोलची गाडी किलोमीटरला किती रुपये खाते, हे काढायला फारसं डोकं लागत नाही. पंपावरचा भाव सगळ्यांना सारखाच. २०२५च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होतं, आणि मुळशी तालुक्यातल्या उरवड्याचा शेतकरी असो की कोथरूडचा डॉक्टर, दोघंही तेवढेच पैसे मोजत होते. विजेचं तसं नाही. एकच गाडी एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने चालवली, तरी एका घरात तिचा खर्च किलोमीटरला तीस-पस्तीस पैसे पडतो आणि दुसऱ्या माणसाला साडेतीन रुपये. फरक गाडीचा नसतो, ती कुठे आणि कोणत्या मीटरवर चार्ज होते याचा असतो.

कारखान्यांच्या वीजवापराची तपासणी हे माझं काम. पिरंगुट–उरवडे पट्ट्यातल्या शेडमध्ये कॉम्प्रेसर, भट्ट्या आणि मोटारी किती वीज खातात ते मोजायचं, आणि कुठे वाया जाते ते दाखवायचं. अलीकडे मशीनपाशी काम संपलं की ऑपरेटर, सुपरवायझर, गेटवरचे वॉचमन एकच प्रश्न विचारतात : “सर, घरच्या मीटरवर गाडी लावली तर बिल किती वाढंल?” विक्रेत्याच्या पत्रकात याचं उत्तर नसतं, कारण विक्रेत्याला तुमचं बिल माहीत नसतं. ते उत्तर इथे सविस्तर मांडतो.

लिटर आणि युनिट

दोन इंधनांची तुलना करायची तर दोन्ही एका मापात आणायला हवीत. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, म्हणून आजच्या लिटरमध्ये सुमारे साडेआठ युनिट धरावीत. एवढ्या ऊर्जेवर मध्यम आकाराची गाडी आपल्या रस्त्यांवर १५ किलोमीटर जाते. विजेची तेवढीच गाडी भिंतीतल्या सॉकेटमधून घेतलेल्या साडेआठ युनिटांवर ५० किलोमीटरच्या पुढे जाते. पेट्रोल इंजिनात बहुतेक ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जाते, चाकांपर्यंत पाचवा-चौथा हिस्सा पोचतो. विजेच्या मोटारीत तीन चतुर्थांशाहून अधिक पोचतो.

यातली एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंजिनात जी उष्णता वाया जाते, तिचा मोठा भाग विजेच्या बाबतीत चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रात आधीच वाया गेलेला असतो. कोळशातल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज होऊन बाहेर पडते. म्हणून विजेची गाडी तिपटी-चौपटीने कार्यक्षम आहे हे विधान घराच्या सॉकेटपासून पुढे खरं आहे, खाणीपासून नाही. पण बिल भरणाऱ्याचा हिशेब सॉकेटपासूनच सुरू होतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

माप भिंतीपाशी घ्यावं

गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा असतो. आपण पैसे भरतो ते मीटरमधून गेलेल्या विजेचे. चार्जर आणि बॅटरी तापण्यात १० ते १५ टक्के वीज जाते. पडद्यावर युनिटला ७ किलोमीटर दिसत असतील, तर भिंतीपाशी ते ६ ते सव्वासहा भरतात. प्रमाणपत्रावरची रेंज आणखी वेगळी. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि ‘एआरएआय’ची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर, म्हणजे युनिटला दहाच्या वर. ही चाचणी प्रयोगशाळेत ठरलेल्या वेगचक्रावर होते आणि गाड्यांची आपापसात तुलना करायला ती उपयोगी आहे. घरखर्चाचा अंदाज तिच्यावरून बांधू नये. पेट्रोल गाडीच्या प्रमाणित ॲव्हरेजलाही हेच लागू आहे. पुढच्या हिशेबात मी पेट्रोल गाडीला लिटरला १५ आणि विजेच्या गाडीला भिंतीपाशी युनिटला सव्वासहा किलोमीटर धरले आहेत.

दोन घरं, दोन बिलं

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. वहन आकार आणि वीज शुल्क धरून ठोकळमानाने पहिल्या १०० युनिटांना सात रुपये, १०१ ते ३०० पर्यंत तेरा, ३०१ ते ५०० पर्यंत सतरा-अठरा आणि त्यापुढे अठरा ते वीस रुपये पडतात. खूप जणांची समजूत अशी, की ३०० ओलांडले की सगळं बिल चढ्या दराने येतं. तसं होत नाही. ज्या टप्प्यात जेवढी युनिटं, तेवढ्यांनाच तो दर.

आता उरवड्यातलं एक साधं घर घेऊ. पंखे, टीव्ही, फ्रिज, मिक्सर मिळून महिन्याला ९० युनिटं. गाडी महिन्याला हजार किलोमीटर धावते, तिला लागतात १६०. त्यातली १० युनिटं सात रुपयांत बसली, उरलेली १५० तेरा रुपयांनी. गाडीमुळे बिल वाढलं २,०२० रुपये, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. तेच हजार किलोमीटर पेट्रोलवर गेले तर ६७ लिटर आणि जवळजवळ ६,९५० रुपये. महिन्याकाठी ४,९०० रुपयांच्या आसपास वाचले.

दुसरं घर वीकेंडसाठी बांधलेल्या बंगल्याचं, किंवा भूगावातल्या मोठ्या फ्लॅटचं. एसी, गीझर, वॉशिंग मशीन धरून तिथे आधीच २८० युनिटं जातात. तीच गाडी इथे आली की २० युनिटं तेरा रुपयांत आणि १४० सतरा रुपयांत. खर्च २,६४०, किलोमीटरला दोन रुपये साठ-पासष्ट पैसे. गाडी तीच, वापर तोच, आणि किलोमीटरमागे साठ पैशांहून अधिक फरक केवळ घरातल्या आधीच्या वापराने पडला. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी वर्षभराची वीजबिलं समोर घेऊन बसावं. गाडीचं खरं ॲव्हरेज त्यांच्यात लिहिलेलं असतं.

चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेण्याची सोयही आहे. चार्जिंग केंद्रांसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ साली स्वतंत्र वर्ग केला. त्याचा युनिटचा दर घरगुती वरच्या टप्प्यांपेक्षा बराच कमी असतो, पण जोडभारानुसार दरमहा स्थिर आकारही द्यावा लागतो. सोसायटीत चार-सहा गाड्यांनी मिळून घेतला तर तो फायद्याचा ठरतो. एकट्या, कमी धावणाऱ्या गाडीला घरचाच मीटर बरा.

वेळेचा हिशेबही बदलला आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे, कारण त्या वेळी सौर वीज मुबलक असते. ज्यांची गाडी दिवसा दारात उभी असते, त्यांना हा लाभ आपोआप मिळतो. रात्रपाळी करून सकाळी घरी येणारा कामगार त्यांतलाच.

चांदणी चौकापर्यंतचा रस्ता

उरवड्याहून पुण्याला जाताना पिरंगुट, मग घाट, भुकूम, भूगाव आणि चांदणी चौक. या वाटेवर पेट्रोल गाडीचं सर्वांत मोठं नुकसान घाटात होत नाही, भूगावच्या कोंडीत होतं. एसी लावून उभी असलेली पेट्रोल गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर जाळते, म्हणजे एकही किलोमीटर न जाता साठ-सत्तर रुपये. विजेची गाडी उभी असताना मोटार बंद असते. एसीला तासाला एखादं युनिट लागतं, तेवढाच खर्च.

घाटाची भीती अनेकांना वाटते, म्हणून आकडा देतो. दीड टनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला ०.४ युनिट ऊर्जा लागते, मोटारीतली तूट धरून अर्ध्या युनिटच्या आत. उतरताना मोटार जनित्रासारखी फिरते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत जातो. पेट्रोल गाडी उतारावर काहीच परत करत नाही, फक्त ब्रेक तापतात. मुठा–टेमघरच्या बाजूला किंवा ताम्हिणीत जाणाऱ्याने चढ सुरू होताना पडद्यावर झपाट्याने घटणारे किलोमीटर बघून घाबरू नये. उतार लागला की त्यातले बरेचसे परत येतात.

रस्त्यावरचं चार्जिंग

हायवेवरच्या जलद चार्जरचा दर करासकट युनिटला २० ते २५ रुपयांपर्यंत जातो. शंभरच्या वेगाने धावणारी गाडी युनिटला सहा किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला साडेतीन ते चार रुपये. आपल्याकडे सीएनजी किलोला नव्वद रुपयांच्या आसपास आहे आणि सीएनजीची गाडी किलोला २२ किलोमीटर सहज देते, तिचाही खर्च चार रुपयांच्या घरात येतो. थोडक्यात, ज्याला घरी किंवा कामावर चार्जिंगची सोय नाही आणि जो कायम जलद चार्जरवर अवलंबून राहणार आहे, त्याला इंधनात सीएनजीपेक्षा फार काही वाचणार नाही. वाहन पुण्यातल्या रस्त्यावर रात्री उभं करणाऱ्यांना हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

टोलची बाजू यात अनेकदा विसरली जाते. राज्याच्या २०२५च्या ई-वाहन धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफीची तरतूद आहे. द्रुतगती मार्गाची लांबी साधारण ९५ किलोमीटर आणि मोटारीचा एका बाजूचा टोल ३२० रुपये. किलोमीटरला तीन रुपयांहून अधिक, म्हणजे जलद चार्जिंगच्या खर्चाएवढाच. मुंबईला वारंवार जाणाऱ्याच्या हिशेबात ही माफी इंधनाइतकीच मोलाची आहे.

दुचाकी आधी

या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या गेटबाहेर मोटारींपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त असतात, आणि चर्चा मात्र मोटारींचीच होते. शंभर सीसीची मोटारसायकल लिटरला ६० किलोमीटर गेली तर किलोमीटरला पावणेदोन रुपये. विजेची स्कूटर एका युनिटवर ३० किलोमीटर जाते, तेरा रुपयांच्या टप्प्यातही किलोमीटरला ४५ पैशांच्या आत. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या कामगाराचे तेराशे रुपये वाचतात. तिला लागणारी ३३-३४ युनिटं साध्या प्लगवर भरतात, बिलाचा टप्पाही क्वचितच बदलतो. घरात पहिलं विजेचं वाहन घ्यायचं, तर दुचाकी घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

पैसे कधी वसूल होतात

विजेची मोटार तशाच पेट्रोल गाडीपेक्षा महाग असते. फरक तीन लाखांचा धरू. किलोमीटरला पाच रुपयांच्या आसपास वाचत असतील तर साठ हजार किलोमीटरनंतर तो फिटतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पाच वर्षं, चारशेच चालवणाऱ्याला बारा वर्षांहून अधिक, आणि कर्जाचं व्याज त्यावर. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नाही, ही जमेची बाजू. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, त्या मुदतीत ज्याचा फरक फिटत नाही त्याने घाई करू नये. जी गाडी फक्त लग्नकार्याला आणि जत्रेला निघते ती पेट्रोलचीच राहू द्यावी. रोज कामाला जाणारी, शाळेची मुलं ने-आण करणारी, भाजी मार्केटला पोचवणारी गाडी आधी विजेवर न्यावी.

छपराचा हक्क

मुळशीला वीज नवी नाही. टाटांच्या मुळशी धरणासाठी इथली भाताची खाचरं बुडाली, १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि १९२७ पासून ते पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. वीज कुठे तयार होते आणि ती कोणाच्या कामी येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या तालुक्याने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. छतावरच्या सौर पॅनेलमध्ये पहिल्यांदाच या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच घरात मिळतं.

‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. अशी यंत्रणा वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ३५० युनिटांच्या आसपास देते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कमी, पण मार्च-एप्रिल ती भरपाई करतात. अनुदान वजा जाता उरलेला खर्च तिच्या आयुष्यभराच्या विजेवर वाटला, मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल असं धरलं, तरी युनिट दोन रुपयांच्या आतबाहेर पडतं. म्हणजे गाडी किलोमीटरला ३० ते ३५ पैसे. शहरातल्या फ्लॅटवाल्याला स्वतःचं छप्पर नसतं आणि पार्किंगची हमी नसते. उरवड्यातल्या घराला अंगण आणि छप्पर दोन्ही आहे. स्वस्त प्रवासाचा सर्वांत पक्का लाभ गावाला मिळू शकतो, आणि तो गावाने घ्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्यासाठी घरापुरतं एक काम आहे आणि गावापुरतं एक. घराचं काम म्हणजे चार्जिंगसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी, आरसीसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग. साडेतीन किलोवॉटच्या आतला भार तासन्‌तास चालतो, जुन्या वायरिंगवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून तो कधीही घेऊ नये. गावाचं काम ट्रान्सफॉर्मरचं. एका डीपीवर संध्याकाळी सात वाजता दहा गाड्या लागल्या तर व्होल्टेज पडणार, म्हणून जोडभार वाढवण्याचे अर्ज वेळेवर करावेत आणि ग्रामपंचायतीने महावितरणकडे क्षमतावाढीची मागणी आधीच लावून धरावी.

कारखानदारांनाही माझं सांगणं आहे. तुमच्या शेडच्या छपरांवर सौर पॅनेल बसली आहेत, आणि साप्ताहिक सुट्टीखेरीज दिवसा कामगारांच्या गाड्या तुमच्याच आवारात उभ्या असतात. चार्जिंगची सेवा द्यायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पार्किंगमध्ये दुचाकींसाठी पंधरा-वीस पॉइंट काढायचा खर्च एखाद्या जुन्या कॉम्प्रेसरच्या गळतीत वर्षभरात जाणाऱ्या विजेपेक्षा जास्त नाही. कामगाराच्या हातात महिन्याला हजार-तेराशे रुपये जास्त राहतील अशी पगारवाढ इतक्या स्वस्तात दुसरी कोणती देता येईल, ते मला तरी दिसत नाही.