राजवाड्याचे उघडलेले दार

रोम नगरीतून प्राचीन आप्पिया मार्गाने आग्नेयेस निघाले, म्हणजे सुमारे 25 किलोमीटरांवर आल्बानो सरोवर लागते. एके काळी हे ज्वालामुखीचे मुख होते. आज तेथे निळे, निश्चल जल पसरले आहे. सरोवराच्या काठच्या उंच कड्यावर कास्तेल गांदोल्फो नावाचे लहानसे गाव आहे, आणि त्याच्या चौकात परमगुरू पोप यांचा उन्हाळी राजवाडा उभा आहे.

या जागेचा इतिहास वैभवाचा आहे. रोमन सम्राट डोमिशियन याचा विलासी प्रासाद याच टेकडीवर होता. त्याचे भग्नावशेष बागेत अद्याप दिसतात. पुढे तेथे सरदारांचा किल्ला झाला. साव्हेल्ली घराणे कर्जात बुडाल्यावर 1596 मध्ये ती मालमत्ता पोपांच्या हाती आली, आणि सतराव्या शतकात पोप उर्बन आठवे यांनी कार्लो मादेर्नो या शिल्पज्ञाकडून येथे राजवाडा उभारविला. 1870 मध्ये रोम इटलीच्या राज्यात सामील झाल्यावर तो ओस पडला; 1929 च्या लॅटरन करारानंतरच पोप पुन्हा येथे येऊ लागले.

रोमहून या टेकडीकडे येताना वाटेत चंपीनो हा विमानतळ आहे. 1916 मध्ये तो उघडला, तेव्हा तेथे मुख्यत्वे हवाई जहाजांचे ठाणे होते. 10 एप्रिल 1926 रोजी ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज येथूनच निघाले आणि मे महिन्यात आमुन्सेन व नोबिले यांना घेऊन उत्तर ध्रुवावरून गेले. मानवी बुद्धीने परमेश्वराच्या आकाशात केलेला तो केवढा सुंदर प्रवास! परंतु त्यानंतर सतरा वर्षांनी, 19 जुलै 1943 रोजी, त्याच मैदानावर आकाशातून बाँब कोसळले. आकाश तेच, मनुष्याचे हृदय मात्र बदलले होते.

22 जानेवारी 1944 रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य जवळच्या आन्झिओ किनाऱ्यावर उतरले, आणि टेकडीवरील गावे युद्धाच्या तोंडी आली. घरदार सोडून, मुलेबाळे कडेवर घेऊन, गाईगुरांसह लोक पोपांच्या दाराशी आले. दार उघडले गेले. बागा, दिवाणखाने, जिने माणसांनी भरून गेले. आश्रितांची संख्या सुमारे 12,000 झाली. पोप पायस बारावे स्वतः रोममध्येच होते. त्यांचे शयनगृह गरोदर स्त्रियांना देण्यात आले, आणि तेथे सुमारे 40 बालके जन्मास आली. जेथे राजदूतही सहसा प्रवेश करीत नसत, तेथे शेतकऱ्यांच्या बायका बाळंत झाल्या! कित्येक मुलांची नावे कृतज्ञतेने पोपांच्या नावावरून पियो आणि एउजेनियो अशी ठेवली गेली.

वाचकहो, या आश्रयालाही संकट चुकले नाही. 10 फेब्रुवारी 1944 रोजी पोपांच्या याच आवारातील प्रोपागांदा फीदे विद्यालयाच्या इमारतीवर दोस्तांच्याच विमानांचे बाँब पडले आणि आश्रयास आलेली 500 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दार उघडणाऱ्याला सर्वांचे प्राण वाचविता येतातच असे नाही. तरीही दार उघडावे लागते. कारण बंद दाराबाहेरचा मृत्यू अधिक एकाकी असतो.

पुढे 9 ऑक्टोबर 1958 रोजी पोप पायस बारावे याच राजवाड्यात ख्रिस्तवासी झाले. 1964 च्या डिसेंबरात एअर इंडियाच्या विमानाने मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला आलेले पोप पॉल सहावे यांनीही 6 ऑगस्ट 1978 रोजी येथेच देह ठेवला. 28 फेब्रुवारी 2013 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे व्हॅटिकनहून हेलिकॉप्टरने येथे उतरले, सज्जातून लोकांना अखेरचा आशीर्वाद दिला, आणि रात्री आठ वाजता त्यांची पोपपदाची कारकीर्द संपली. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी राजवाड्याच्या खासगी दालनांचे संग्रहालय करून ती सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून यात्रेकरू पोपांचे शयनगृह पाहू लागले.

युरोपात याहून मोठे व श्रीमंत राजवाडे पुष्कळ आहेत. आम्हांस या राजवाड्याची थोरवी वाटते ती त्या शयनगृहामुळे. बेथलेहेमच्या उताराशाळेत ज्या मातेस जागा मिळाली नाही, तिची आठवण ज्याने आपल्या पलंगाजवळ जागवली, त्याच्या घरास राजवाडा म्हणणे शोभते. आमच्या गावांतून राजवाडे नाहीत. परंतु पडवी आहे, ओसरी आहे, चर्चची शाळा आहे. पुराच्या वा आगीच्या रात्री कोणी दार ठोठावले, तर त्याची जात वा धर्म न विचारता कडी काढावी, एवढे सामर्थ्य प्रभूने प्रत्येक घराला दिले आहे.