मुकी तार

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, पावसाची वाट पाहणाऱ्या आमच्या लोणीत टाळ आहेत, पखवाज आहे, वीणा आहे. लग्नसराईत बेंजोही वाजतो. इलेक्ट्रिक गिटार मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, साऱ्या गावात एकच, आणि ती माझ्या भाच्याची. त्याचे आजोबा तमाशाच्या फडात तुणतुणे धरीत. तुणतुण्याला तार एक, खुंटी एक आणि बुडाला चामडे मढवलेले नळकांडे. आबा अधूनमधून नातवाच्या त्या चकचकीत वाद्याकडे पाहतात आणि म्हणतात, "सहा तारा! एवढ्यांची समजूत कशी काढतोस रं?"

आबा थट्टेने म्हणत. पण यंदाच्या फाल्गुनात त्या थट्टेने घरात चांगलाच घोर लावला. पाडव्याच्या आगेमागे नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि गावोगावची पुढारी मंडळी तिथे येऊन आपापल्या जत्रेची सुपारी ठरवतात. अशाच एका फडमालकाने पोराला ऐकायला बोलावले होते. जमले असते तर हंगामभराचे काम होते. आणि नेमकी गिटारची सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार मुकी झाली! अगदीच मुकी नव्हे. पण बाकीच्या पाच जणी ओट्यावर बसून बोलाव्यात आणि हिने माजघरातून हुंकार द्यावा, असा प्रकार. लावणीची सुरावट तर बहुतेक त्याच तारेवर. ढोलकीची थाप पडली की ती पार बुडून जाई.

"मामा, बोटं तीच हायेत, तार नवी हाये, तरी ही बोलत न्हाई," पोरगे रडवेले होऊन म्हणाले.

थोडे मागचे सांगायला हवे. तारांच्या खाली, लाकडात बसवलेली जी लांबट पट्टी असते तिला पिकअप म्हणतात. या गिटारीला असे तीन पिकअप. त्यांतला शेवटचा, घोडीजवळचा, माघात बंद पडला होता. पोराने पुण्याच्या एका दुकानातून दुसरा आणला. दुकानदाराने अंतर विचारले नाही, याने सांगितले नाही. "सगळे सारखेच असतात," एवढे आश्वासन फुकट मिळाले. पैसे माझ्या बहिणीच्या दुधाच्या पगारातले होते. आता आणखी भारी पिकअप घ्यावा लागणार असे ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, "दादा, म्हशीला आता ह्याच्या गिटारीसाठी दोनदा पिळू का?"

पिकअप म्हणजे काही जादू नव्हे. सहा लहान लोहचुंबकी खांब आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज जागी होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेली ही गोष्ट दहावीच्या पुस्तकात असते, आणि मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. तार पितळेची किंवा आतड्याची लावली तर चुंबकाला तिचे सोयरसुतक नसते. म्हणजे पिकअप आवाज ऐकतच नाही. तो फक्त पोलादाची हालचाल ओळखतो. म्हणूनच प्रत्येक तार आपापल्या खांबावरून गेलेली बरी.

इथे मला पाभर आठवली. ज्या अंतराच्या फणांनी पेरणी केली त्याला जुळणारेच कोळपे पुढे चालवावे लागते. नाही जुळले तर पास तणाऐवजी पिकाच्या मुळाला लागते. मात्र शेताच्या ओळी समांतर असतात, गिटारच्या तारा नसतात. त्या गळ्याच्या टोकाशी जवळजवळ असतात आणि घोडीकडे जाताना हाताच्या बोटांसारख्या फाकत जातात. निमुळत्या पट्टीतली पेरणीच म्हणा ना! तेव्हा तारांतले अंतर किती, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे मोजायचे, ते आधी सांगितले पाहिजे.

मी शाळेची पट्टी आणली आणि पहिल्या तारेच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत मोजले. गळ्याच्या टोकाशी ३५ मिलिमीटर, घोडीवर ५४. मधली लांबी ६४८, म्हणजे साडेपंचवीस इंच. गिटार नकलीच, पण नक्कल स्ट्रॅटोकास्टरची. १९५४ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ती बाजारात आणली तेव्हापासूनचे हे माप. (हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. मला हे फार आवडते.) पुढचे काम समरूप त्रिकोणांचे. घोडीपासून ४० मिलिमीटरवर तारांची रुंदी ५२.८ येते, आणि १६० मिलिमीटरवर, गळ्याजवळच्या पिकअपपाशी, ४९.३. नव्या पिकअपच्या टोकाच्या खांबांतले अंतर भरले ५०. म्हणजे दोन्ही कडेच्या तारा खांबांच्या बाहेर सुमारे १.४ मिलिमीटर.

एवढ्याने तार मुकी होते का? खरे सांगायचे तर सहसा होत नाही. चुंबकाचे क्षेत्र खांबाच्या डोक्यावर टोपीसारखे बसलेले नसते, ते आजूबाजूला पसरते. मिलिमीटरभराचा फरक पुष्कळदा कानाला कळतही नाही. उगाच पट्टी घेऊन वाद्य बिघडले म्हणणाऱ्यांतला मी नाही. म्हणून पुन्हा पाहिले. गळा चार स्क्रूंनी अंगाला जोडलेला, आणि तो किंचित तिरका बसला होता. सहाही तारा बारीक तारेच्या अंगाला कलल्या होत्या, त्यामुळे पहिली आणखी मिलिमीटरभर बाहेर. वर पिकअपची तीच बाजू खाली दबलेली. तिन्ही कारणे थोडी थोडी, पण एकाच तारेवर येऊन पडलेली.

मग पोरगे एकदम म्हणाले, "मामा, गळ्याजवळचा जुना किती भरतोय?"

मोजला. ५२! जुन्या गिटारींत तिन्ही पिकअप एकाच मापाचे घालण्याची रीत होती; त्यामुळे हा बिचारा वर्षानुवर्षे अरुंद जागी रुंद होऊन बसला होता. नवा ५०चा तिथे, ४९.३ला, अगदी शोभेल. आणि जुना ५२चा घोडीजवळ, ५२.८ला. विकत काही आणायचे नव्हते, नुसती अदलाबदल करायची होती. हिशेब माझा, पण ही कल्पना त्याची, हे इथे नोंदवून ठेवतो.

गळ्याचे स्क्रू ढिले करून तो सरळ ओढला, पुन्हा आवळला. डाग देण्याची कामगिरी मोटारी गुंडाळणाऱ्या एका शेजाऱ्याने पार पाडली. बारीक तारेकडची बाजू स्क्रूने अर्धा-अर्धा फेरा वर घेत पोरगे तार छेडी आणि थांबे. तिथे माझी पट्टी उपयोगाची नव्हती. किती वर घ्यायचे ते त्याच्या कानाने ठरवले. जास्त वर घेतले असते तर चुंबकानेच तार ओढून सूर खराब केला असता.

शेजारून ढोलकी मागवली. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या तारेवरची सुरावट थापेच्या वरून, स्वच्छ निघाली. आबांनी डोळे न उघडता उजव्या हाताचे बोट हवेत हलवले, तुणतुण्याची तार छेडावी तसे. बहीण मात्र दारातूनच विचारीत होती, की तो बंद पडलेला डबडा आता दुकानदार परत घेईल का.