विहिरीच्या पाण्याची बाटली

मी बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची, म्हणजे २०१७ सालची गोष्ट. करकंबहून एस.टी.ने रोज पंढरपूरला कॉलेजला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. त्या वर्षी रसायन, वनस्पती या विषयांच्या जोडीला ‘पर्यावरण’ नावाचा एक पेपर होता. आज्जीने विचारले, “त्यात काय शिकवत्यात?” मी म्हटले, “झाडं, पाणी, हवा, माती.” आज्जी हसून म्हणाली, “मग एवढं भाडं कशाला घालवायचं? ते तर आपल्या वस्तीवरच हाय की!”

आज्जीचे बोलणे किती खरे होते, ते मला पुढे कळले.

हा पेपर कॉलेजात आला त्यालाही एक इतिहास आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीने शिकवला पाहिजे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. मग मुलगा कला शाखेचा असो की वाणिज्यचा, हा पेपर त्याला चुकत नाही. शंभर गुणांपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष पाहणीचे ठेवले होते. नदी, डोंगर, शेत, काहीही बघावे आणि लिहून आणावे. बहुतेक मुले मागच्या वर्षीची वही उतरून काढत. मीही तेच करणार होते. पण बाई म्हणाल्या, “उतरून आणलंस तर गुण देईन, पण तुझ्या घरच्या विहिरीत काय आहे ते तुला कधीच कळणार नाही.”

ते वाक्य मनात राहिले.

आमची विहीर अण्णांची आणि चुलत्यांची सामाईक. उजनीचे पाणी आल्यापासून आमच्या भागात ऊस वाढला. आमच्याही विहिरीच्या चारी बाजूंनी ऊसच. पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ. बाईंनी सांगितले तशी मी बाटली त्याच पाण्याने तीनदा खळाळून घेतली, काठोकाठ भरली, वर नाव-तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि त्याच दिवशी तपासायला दिली.

आठ दिवसांनी कागद आला. बाकी सारे ठीक होते. पण नायट्रेटच्या पुढे आकडा होता ८२. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते.

मी पुस्तक उघडले आणि वाचता वाचता अंगाला घाम सुटला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात असे पाणी गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखे निळसर पडतात. वेळेवर कळले नाही तर जिवावर बेतते. आणि आमच्या घरात तीन महिन्यांचे बाळ होते. वहिनीला टायफॉइड झाला म्हणून त्याला पावडरचे दूध चालू होते. ते दूध आई विहिरीच्याच पाण्यात करायची, तेही चांगले खळखळ उकळून.

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. आई जितकी काळजी घेत होती, तितका धोका वाढत होता.

धावतच चुलीजवळ गेले आणि पातेले उतरवले. आई रागावली. तिला समजावून सांगेपर्यंत माझाच आवाज कापत होता. त्याच संध्याकाळी दादाने गावातून शुद्ध केलेल्या पाण्याचा जार आणला. दुसऱ्या दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवले. देवाच्या दयेने त्याला काही झाले नव्हते.

अण्णा मात्र मानेनात. “ह्याच हिरीचं पानी पिऊन आमी वाढलो,” म्हणाले. मी म्हटले, “अण्णा, तेव्हा या विहिरीभोवती ज्वारी होती. युरियाची पोती नव्हती.” मग वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. सुरू उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकराला १००. युरियात नत्र ४६ टक्के. तेव्हा पोते पन्नास किलोचे होते, म्हणजे एकरी सव्वाचार-साडेचार पोती पुरतात. तीही एकदम नाही, लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत. अण्णा आठ पोती टाकत होते, दोन हप्त्यांत, आणि वरून मोकाट पाणी. पिकाला न लागलेले नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाते आणि झिरपत विहिरीत उतरते.

अण्णांनी बोटे मोडून हिशेब केला. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “म्हंजी निम्मा पैसा मी हिरीत वतत होतो.”

चुलते मात्र चिडले. “पोरगी शिकली आन् आमची हीर नासली म्हनाया लागली. उद्या पोरींच्या सोयरिकी जमवायच्या हायत, गावात बोभाटा नगं.” त्यांनी आमच्याशी बोलणेच टाकले. त्या दिवसांत मला वाटे, वही उतरून दिली असती तर बरे झाले असते. घर तरी एक राहिले असते.

दिवाळीनंतर त्यांची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली. एके रात्री जेवणे झाल्यावर चुलते आमच्या दारात उभे. खांद्यावर टॉवेल, हातात बाटली. न बसताच म्हणाले, “आमच्या नळाचंबी पानी जरा बघ की.” मी बाटली हातात घेतली, तर रॉकेलचा वास! म्हटले, “काका, ही बाटली चालत नाही. सकाळी मीच येते भरायला.” ते ओशाळून हसले. आईने चहा टाकला. चार महिन्यांनी ते आमच्या ओट्यावर टेकले.

आज आमच्याकडे ठिबक आहे, युरिया मापात आणि हप्त्याने जातो, उसाचे पाचट जाळत नाही. तीन वर्षांनी पाणी पुन्हा तपासले तेव्हा आकडा ६० वर आला होता. अजून ते पिण्याजोगे नाही. वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेले एकदम निघत नाही. पण आकडा उतरतो आहे.

पाहणीला मला पंचवीसपैकी एकोणीस गुण मिळाले. अक्षर वाईट म्हणून बाईंनी कापले. वाचणाऱ्या आयाबहिणींना एवढेच सांगते, घरात तान्हे मूल असेल आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पीत असाल, तर एक स्वच्छ बाटली भरा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या. पाणी स्वच्छ दिसते यावर विसंबू नका. आमचेही स्वच्छच दिसत होते.