कपाटाची किल्ली

चाळिशी उलटल्यावर पुन्हा परीक्षेला बसणे, ही काही चारचौघांत सांगण्याजोगी गोष्ट नव्हे, असे आमच्या घरच्यांचे मत होते. त्यातही परीक्षा ग्रंथपालनाची! "मराठीचं एम. ए. करून, इतकी वर्षं कॉलेजात शिकवून आता पुस्तकांवर नंबर टाकणार का?" हा प्रश्न आम्हां दोघींना दोन वेगळ्या घरांत, जवळजवळ त्याच शब्दांत विचारला गेला.

कारण साधे होते. अकोल्यात आम्ही शिकवतो त्या महाविद्यालयाच्या आवारातच संस्थेची शाळा आहे. तिथले ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा रिकामीच राहिली, आणि मराठीवाल्यांना पुस्तकांतले कळते या न्यायाने कपाटांच्या किल्ल्या आमच्या हाती आल्या. पहिल्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, "म्याडम, हे कपाट काऊन बंद रायते?" आम्हांला उत्तर देता आले नाही. जुन्या ग्रंथपालांविषयी मनात मात्र एक तुच्छता येऊन गेली, हे कबूल केले पाहिजे.

मग मुक्त विद्यापीठाच्या बी. लिब.ला नावे घातली. आपण साहित्याचे अभ्यासक, तेव्हा हे सारे कारकुनी काम सहज जमेल, असा आमचा समज होता. तो वर्गीकरणाच्या पहिल्याच सरावात उतरला. 'लीळाचरित्र' कुठे ठेवायचे? आम्ही ते वर्गात मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून शिकवत आलो. परंतु ज्या ऋद्धपुरात ते सिद्ध झाले, तिथल्या श्रद्धावंताच्या लेखी तो धर्मग्रंथ आहे. आणि नाव तर चरित्र. वर्गात तिन्ही बाजू मांडून तास संपवता येतो. ग्रंथपालाला तशी सोय नाही. पुस्तक एक, फळी एक. निर्णय घ्यावाच लागतो.

याच अभ्यासात रंगनाथन भेटले. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथल्या एकांताला कंटाळून काही दिवसांतच परत शिकवायला पाठवा म्हणून प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला जाऊन शिक्षण तर घेऊन या, असे त्यांना सुचवण्यात आले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला आणि सुटे भाग जोडून विषयाचा क्रमांक घडवण्याची कल्पना त्यांना सुचली. त्यातून १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९३१ मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले होते. त्यांतला पहिला पुस्तक वापरासाठी असते, असे सांगतो. इतके उघड सत्य सिद्धांत म्हणून का मांडावे लागले, याचे उत्तर आमच्या चार कपाटांत होते.

कपाटे उघडली. दाखलनोंदवही नव्याने लिहिली, देवघेव सुरू केली. डोळ्यांपुढे बडोदा होते. सयाजीरावांनी अमेरिकेहून आणलेल्या विल्यम बॉर्डन यांनी १९११ साली तिथे ग्रंथपालांचा वर्ग चालवला आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. आम्हांला तर पेटी वर्गापर्यंतच न्यायची होती.

तीच मुलगी, आता नववीत गेलेली, एकदा म्हणाली, "आमच्या घरी बोलतात तसं बोलणारं पुस्तक हाये काय?" आम्ही उद्धव शेळक्यांची 'धग' काढून दिली. १९६० सालची कादंबरी. ड्युईच्या दशांश पद्धतीत तिचा क्रमांक ८९१.४६३, तिच्या आदल्या वर्षी आलेल्या 'ययाति'चाही तोच. मराठी कादंबरी एवढेच तो क्रमांक सांगतो. त्यात वऱ्हाड नाही, बोली नाही, कौतिकची चूलही नाही. मुलीने जे मागितले होते, ते कोणत्याही क्रमांकाने तिला सापडले नसते. त्या दिवशी आम्ही विषयसूचीच्या वहीत एक नवे शीर्षक लिहिले : 'वऱ्हाडी बोली'. त्याखाली पहिली नोंद 'धग', दुसरी विठ्ठल वाघांच्या कवितेची.

मुलगी पुस्तक घेऊन गेली. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरच्यांबरोबर गेली, ती परत शाळेत आली नाही.

वर्षअखेरीस पडताळणीत अकरा पुस्तके कमी भरली. कार्यालयाने नियम दाखवला : प्रभार ज्याच्या सहीचा, वसुली त्याच्याकडून. तेव्हा कुठे आम्हांला ते जुने ग्रंथपाल कळले. कुलूप त्यांच्या मनावर नव्हते, पगारावर होते. अर्धवेळ नोकरीतला माणूस एकेका हरवलेल्या पुस्तकाची किंमत किती वर्षे भरील? त्यांना हसणाऱ्या आम्ही पूर्ण पगारी होतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

आमच्यातली एक म्हणाली, मुलीच्या घरी जाऊन पुस्तक आणू. दुसरी म्हणाली, तिला आणता येत नसेल, तर पुस्तक तरी कशाला आणायचे? दोन दिवस आम्ही एकमेकींशी नीट बोललो नाही. शेवटी घरी गेलो. दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, "ते लोकं अजून आले नाही वं बाई."

अकरा पुस्तकांचे पैसे आम्ही भरले आणि हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनासाठी रीतसर अर्ज केला, पुढच्या माणसाला तरी कपाट उघडे ठेवता यावे म्हणून. तो अजून विचाराधीन आहे. दहा पुस्तकांपुढे 'गहाळ' असा शेरा लिहिला. 'धग'पुढे मात्र तो लिहिला नाही. परतीच्या तारखेचा रकाना तेवढा कोरा ठेवला आहे. शास्त्रात हे बसत नाही, हे आता आम्हांला प्रमाणपत्रासह ठाऊक आहे.